नवा क्वार्टरबॅक खरंच चांगला आहे, की समोरचे कच्चे होते?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या विद्यापीठाच्या टीमनं ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) नवा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, आणला. मागच्या वर्षी सामन्याला 24 गुणांच्या आसपास अडकणारा ऑफेन्स पहिल्या तीन सामन्यांत 40 च्या वर गेला. पोराचे 70 टक्के पास पूर्ण होतायत. हा खरंच चांगला आहे का? आणि सुधारणा त्याच्यामुळे आहे की नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरमुळे, म्हणजे ऑफेन्सची आखणी करणाऱ्या कोचमुळे?

तीन सामन्यांच्या बेरजेवरून हे ठरत नाही. पण त्याच तीन सामन्यांतले निवडक तीस-चाळीस स्नॅप (सेंटरनं क्वार्टरबॅकला बॉल दिला की सुरू होणारा एकेक खेळ) नीट पाहिले तर बरंच कळतं. ते निवडताना एकच गोष्ट शोधायची: समोरच्या डिफेन्सनं आपल्या ऑफेन्सचा आवडता खेळ बंद पाडला, तेव्हा क्वार्टरबॅककडे दुसरं उत्तर होतं का? पहिलं उत्तर कोच आठवडाभर घोटवून घेतो. दुसरं उत्तर त्याला मैदानावर अडीच सेकंदांत स्वतः शोधावं लागतं.

याची दोन उदाहरणं एसईसी या विद्यापीठांच्या लीगमधलीच आहेत आणि दोन्हींत एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आहे.

पहिलं 26 सप्टेंबर 2020 चं. कोच माइक लीच यांचा मिसिसिपी स्टेटमधला पहिलाच सामना, समोर आदल्या मोसमातली राष्ट्रीय विजेती एलएसयू, तीही तिच्या घरच्या मैदानावर. स्टॅनफर्डहून आलेल्या के. जे. कॉस्टेलोनं 60 पैकी 36 पास पूर्ण केले, 623 यार्ड काढले, 5 टचडाउन दिले. एका सामन्यातल्या पासिंग यार्डांचा तो एसईसीचा विक्रम ठरला. मिसिसिपी स्टेट 44-34 नं जिंकलं आणि कॉस्टेलोचं नाव थेट हाइझमनच्या, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या, चर्चेत आलं.

पुढच्याच शनिवारी आर्कान्सासनं काय केलं ते बघा. एलएसयूनं आदल्या आठवड्यात मॅन कव्हरेज खेळलं होतं, म्हणजे प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक माणूस. लीच यांच्या एअर रेडला, म्हणजे जवळपास सतत पास देणाऱ्या ऑफेन्सला, ते फार मानवतं, कारण आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरांमागे पळताना डिफेंडर एकमेकांत अडकतात. आर्कान्सासनं फक्त तीन माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडली आणि आठ मागे ठेवली. पास घ्यायला पाच रिसीव्हर, अडवायला आठ जण, आणि सगळ्यांचे डोळे क्वार्टरबॅककडे. जिथे एलएसयूविरुद्ध 15 यार्डांवर मोकळी जागा होती, तिथे आता दोन-दोन माणसं उभी. अशा वेळी योग्य उत्तर कंटाळवाणं असतं: 4-5 यार्डांचे छोटे पास घेत राहायचं, समोर माणसं कमी आहेत म्हणून बॉल पळवायचा, आणि डिफेन्सला पुन्हा पुढे यायला भाग पाडायचं. कॉस्टेलोनं गर्दीत पास घातले. तीन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), 21-14 नं हार. त्यानंतर केंटकीनं 24-2 नं हरवलं. ते 2 गुणही ऑफेन्सचे नव्हते, सेफ्टीच्या नियमानं (बॉल असलेली टीम स्वतःच्याच टोकाला अडकली की समोरच्यांना 2 गुण) मिळालेले होते. त्या एका सामन्यात कॉस्टेलोनं चार इंटरसेप्शन दिली आणि मोसम संपायच्या आत त्याची जागा फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) विल रॉजर्सकडे गेली.

623 यार्ड खोटे नव्हते. ते एका प्रश्नाचं अचूक उत्तर होतं. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदलला, एवढंच.

दुसरं उदाहरण जो बरोचं. हा ओहायो स्टेटमधून पदवी घेऊन 2018 च्या उन्हाळ्यात एलएसयूला आला. पहिल्या वर्षी 379 पैकी 219 पास पूर्ण, म्हणजे 57.8 टक्के, 2,894 यार्ड, 16 टचडाउन, 5 इंटरसेप्शन. बरा, सांभाळून खेळणारा, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं, आणि अलाबामानं त्यांना घरच्या मैदानावर 29-0 नं धुतल्यावर ते आणखी पक्कं झालं. 2019 मध्ये त्याच पोरानं 527 पैकी 402 पास पूर्ण केले, 76.3 टक्के, 5,671 यार्ड, 60 टचडाउन, 6 इंटरसेप्शन. टीम 15-0, सामन्याला 48.4 गुण आणि 568.4 यार्ड.

इथे आकड्यांची एक सवय लावून घ्या. कॉलेज फुटबॉलचं पासर रेटिंग घरी काढता येतं: यार्ड गुणिले 8.4, टचडाउन गुणिले 330 आणि पूर्ण पास गुणिले 100 यांची बेरीज करायची, त्यातून इंटरसेप्शन गुणिले 200 वजा करायचं आणि आलेल्या संख्येला एकूण पासांनी भागायचं. बरोचं 2018 चं येतं 133.2 आणि 2019 चं 202. पण या रेटिंगमध्ये टचडाउनला भरमसाट वजन आहे, त्यामुळे गोललाइनवर एक यार्डाचे पास देणारा उगाच वर दिसतो. त्यापेक्षा यार्डांत प्रत्येक टचडाउनचे 20 मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे 45 वजा करा आणि एकूण पासांनी भागा. बरो 2018 मध्ये 7.9, 2019 मध्ये 12.5. तुमच्या क्वार्टरबॅकचा हा आकडा बऱ्या डिफेन्सविरुद्ध 8 च्या वर राहिला तर काळजी नको.

दोन्ही सूत्रांत सॅक, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, मात्र कुठेच येत नाही, आणि कॉलेजमध्ये सॅकमधले गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. म्हणजे जो बॉल धरून उभा राहतो आणि पडतो, त्याचं पासिंगचं पान स्वच्छ दिसतं आणि टीमचं रनिंग उगाच वाईट दिसतं. सॅक आणि त्यातले यार्ड हाताने वेगळे काढा, रनिंगच्या बेरजेत परत घाला, आणि क्वार्टरबॅकच्या खात्यात वजा दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता श्रेय कोणाचं, हा दुसरा प्रश्न. 2018 आणि 2019 च्या एलएसयूत नेमकं काय बदललं ते सुटं करून बघू, म्हणजे तुमच्या टीमला तीच फूटपट्टी लावता येईल.

पहिला बदल रचनेचा. जानेवारी 2019 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी पासिंग गेमचे कोऑर्डिनेटर म्हणून आले. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर तेच राहिले. ब्रेडींनी आणलेला मुख्य फरक साध्या बेरीज-वजाबाकीचा होता. ऑफेन्सकडे अकरा माणसं: पाच लाइनमन, एक क्वार्टरबॅक, उरले पाच. पूर्वी त्या पाचांतले एक-दोन जण मागे थांबून ब्लॉक करायचे, म्हणजे पास घ्यायला तीन किंवा चार. 2019 मध्ये रनिंग बॅकसकट पाचही जण पळायचे. डिफेन्सला मैदानाची सगळी रुंदी राखावी लागली. याची किंमत ही, की डिफेन्सनं सहा माणसं अंगावर सोडली तर सहावा मोकळाच येणार, त्याला अडवायला कोणी नाही. तो पोचायच्या आत बॉल हातातून गेला पाहिजे, आणि तो कुठे जाणार हे स्नॅपच्या आधीच ठरलेलं पाहिजे. रचना कोचची, पण ती झेपणं हे काम क्वार्टरबॅकचं. बरोकडे ते होतं. नसतं, तर हीच रचना त्याला दवाखान्यात पाठवणारी ठरली असती.

दुसरा बदल लाइनचा. डावा टॅकल सादिक चार्ल्स, सेंटर लॉइड कुशेनबेरी, उजवा गार्ड डेमियन लुइस. या लाइननं 2019 चा जो मूर पुरस्कार मिळवला, जो देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळतो. पाच जणांनी पाच जणांना अडवायचं, मदतीला कोणी नाही, हे प्रत्येक लाइनला जमत नाही. तुमच्या टीमचा उजवा टॅकल दर दुसऱ्या पासला टाइट एंडची (लाइनलगत उभ्या रिसीव्हरची) किंवा रनिंग बॅकची मदत घेतोय का, हे पाहा. घेत असेल तर कागदावर पाच रिसीव्हर असले तरी प्रत्यक्षात साडेचारच धावतायत.

तिसरा बदल, ज्याबद्दल कमी बोललं जातं: तेच रिसीव्हर वर्षभरानं मोठे झाले. जस्टिन जेफरसन 2018 मध्ये 54 झेल आणि 875 यार्डांवर होता. 2019 मध्ये 111 झेल, 1,540 यार्ड, 18 टचडाउन. जामार चेस फ्रेशमन असताना 23 झेल, 313 यार्ड. पुढच्या वर्षी 84 झेल, 1,780 यार्ड, 20 टचडाउन. रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरनं 1,414 यार्ड पळून काढले आणि वर 55 झेल घेतले. तो एकाच वेळी रनिंगचा आणि पासिंगचा धोका असल्यामुळे डिफेन्सला माणसं बदलून उत्तर देता येत नव्हतं.

चौथी गोष्ट वेळेची. कॉलेजमध्ये वसंतातल्या सरावाची 15 सत्रं मिळतात. बरो मे 2018 नंतर आला, म्हणजे पहिल्या मोसमाआधी त्याला ती मिळालीच नाहीत. 2019 च्या आधी पूर्ण मिळाली, तीही नव्या रचनेसोबत. तुमचा क्वार्टरबॅक जानेवारीत दाखल झाला की मे महिन्यात, हे आधी शोधा. मे महिन्यात आलेला पोरगा सप्टेंबरात अर्धीच प्लेबुक घेऊन खेळत असतो. त्याच्या मर्यादा कोचनं झाकलेल्या असतात, आणि त्याची सुधारणाही अजून पुढे असते. दोन्ही बाजूंनी घाईनं मत बनवू नका.

या चारांतून वजाबाकी करून जे उरतं ते क्वार्टरबॅकचं. ते टीव्हीवर कसं दिसतं?

सामना शक्यतो दोनदा पाहा. पहिल्यांदा बॉलमागे डोळे जाणारच. भारतातून पाहणाऱ्यांना ईस्टर्न वेळेनं दुपारी 12 ला सुरू होणारा सामना रात्री 9:30 ला दिसतो, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की 10:30 ला. संध्याकाळचे सामने मात्र रविवारी पहाटेवर जातात, ते नंतर पाहिलेलेच बरे, कारण प्रत्येक स्नॅपला थांबवून मोजता येतं. दुसऱ्या वेळी स्नॅपच्या आधी चित्र थांबवा आणि तीन गोष्टी बघा: सर्वांत मागे उभे असलेले सेफ्टी एक आहेत की दोन, लाइनसमोरच्या चौकटीत डिफेन्सची माणसं किती, आणि क्वार्टरबॅक हातवारे करून काही बदलतोय का. मग खेळ चालू करा आणि मोजा: अंगावर किती आले, बॉल किती सेकंदांत सुटला, कुठे गेला. अडीच सेकंदांच्या आत सुटणारे पास रचनेचे असतात. तीन सेकंदांच्या पुढचे त्याचे स्वतःचे.

या मोजणीत छोटे पास वेगळे ठेवा. कॉलेजच्या नियमात लाइनमनला पासच्या वेळी तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं. एनएफएलमध्ये एकच यार्ड. म्हणून कॉलेजमध्ये आरपीओ (रन-पास ऑप्शन) एवढा चालतो: लाइन रनसाठी ब्लॉक करते, क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे बघतो, तो पुढे आला तर त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पास, नाही आला तर बॉल रनिंग बॅकच्या हातात. यात वाचायचा असतो तो एकच माणूस. खेळ उत्तमच आहे, पण त्यातून क्वार्टरबॅकची परीक्षा होत नाही. स्क्रीन पासचंही (पुढे ब्लॉकर ठेवून लाइनजवळच दिलेल्या छोट्या पासचंही) तसंच. समजा तुमच्या पोराचे 40 पैकी 28 पास पूर्ण झाले, 70 टक्के. त्यातले 10 स्क्रीन आणि आरपीओ, दहाच्या दहा पूर्ण. ते बाजूला काढले की उरले 30 पैकी 18, म्हणजे 60 टक्के. वाईट नाही, पण 70 ची गोष्ट वेगळी आणि 60 ची वेगळी. कमकुवत टीमविरुद्धचं शतक पाट्या खेळपट्टीवरचं असतं. धावा खऱ्या, पण त्यातून तंत्र कळत नाही.

हाताची ताकद पाहायची तर उंच, लांब पासांवर जाऊ नका. ते जवळपास सगळ्यांना टाकता येतात. कॉलेजचं मैदान 160 फूट रुंद, म्हणजे 53 यार्ड आणि थोडं, आणि त्यावरच्या हॅशच्या, म्हणजे छोट्या खुणांच्या, दोन रांगा एकमेकींपासून 40 फुटांवर. त्यामुळे बॉल एका हॅशवर असला की पलीकडची बाजू 100 फुटांवर, साधारण 33 यार्डांवर असते. आता रिसीव्हर पलीकडच्या बाजूला 15 यार्ड पुढे जाऊन बाहेर वळला आणि रेषेच्या तीन यार्ड आत झेल घेणार असेल, आणि क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा असेल, तर बॉलला हवेत 37 यार्ड जावं लागतं, फक्त 15 यार्डांच्या पाससाठी. तो सपाट आणि वेळेवर गेला तर हात आहे. बॉल हवेत तरंगला तर कॉर्नर (कडेचा डिफेंडर) मध्ये घुसून तो उचलतो आणि थेट टचडाउनला पळतो. अशा पासची तुमच्या कोचनं किती वेळा हाक दिली हेही मोजा. तीन सामन्यांत एकदाही दिली नसेल, तर कोचला काय वाटतं ते त्यातच आलं.

पायांकडे बघायला शिकलात तर सर्वांत जास्त कळेल. 7 सप्टेंबर 2019 ला ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध एलएसयू 37-31 नं पुढे होती, सामना संपायला अडीच मिनिटांच्या आसपास, स्वतःच्या 39 यार्ड रेषेवर तिसरा डाउन (10 यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि 17 यार्ड हवे. बहुतेक टीम इथे बॉल पळवून घड्याळ खातात आणि पंट करतात, म्हणजे लाथेनं बॉल लांब पाठवून समोरच्यांना देतात. एलएसयूनं पासची हाक दिली. टेक्सासनं ब्लिट्झ आणली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं अंगावर सोडली. बरोची नजर येणाऱ्या माणसांवर गेली नाही. तो मागे पळाला नाही, बाहेरही पळाला नाही. पॉकेटमध्येच (लाइनमननी भोवती राखलेल्या जागेत) पुढे सरकला, मोकळी जागा धरली आणि मधल्या जेफरसनला बॉल दिला. 61 यार्डांचं टचडाउन, वर दोन गुणांचा प्रयत्नही यशस्वी, 45-31. टेक्सासनं नंतर आणखी एक टचडाउन केल्यामुळे ती दोन टचडाउनांची आघाडी किती गरजेची होती हे कळलं. सामना 45-38 नं संपला. दबावात जो पुढे सरकतो त्याच्यापुढे सगळं मैदान राहतं. जो मागे आणि बाहेर पळतो त्याच्यापुढे अर्धंच उरतं, आणि लाइननं ज्याला बाहेरच्या बाजूला ढकललेलं असतं त्याच्याच हातात तो जातो. अशा क्वार्टरबॅकच्या सॅकसाठी लाइनला शिव्या घालू नका. पाच वेळा दबाव आला तर त्यातून एकापेक्षा जास्त सॅक होत असतील, तर दोषाचा मोठा वाटा त्याचाच.

कच्च्या टीमविरुद्धच्या सामन्यात काही पाहण्यासारखं नसतं असं नाही. 2019 मध्ये एलएसयूनं पहिला सामना जॉर्जिया सदर्नविरुद्ध 55-3 नं जिंकला, बरोनं पूर्वार्धातच पाच टचडाउन पास दिले. त्या धावसंख्येत काही अर्थ नव्हता. पण हडल (खेळाआधी घोळका करून ठरवणं) न करता पटापट खेळणं, पाचही जण पसरून उभे राहणं, बॉल हातातून लवकर सुटणं, हे सगळं त्या दिवशी उघड दिसत होतं, आणि मोसमभर तेच टिकलं. कच्च्या टीमविरुद्ध पद्धत पाहा, उत्पन्न पाहू नका.

आणि मग वाट पाहायची ती अडचणीच्या सामन्याची. एलएसयूला ती 26 ऑक्टोबरला ऑबर्नविरुद्ध आली. ऑबर्नचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केविन स्टील यांनी पुढे तीन, मध्ये एक आणि मागे सात अशी रचना मांडली. कल्पना तीच, जी वर्षभरानं आर्कान्सासनं कॉस्टेलोला दाखवली: मागे गर्दी करा, मोठे पास बंद करा. एलएसयूचे गुण घसरून 23 वर आले, मोसमातले सर्वांत कमी. धावफलकावर अपयश वाटेल. पण त्यांनी 508 यार्ड काढले, बरोनं 321 यार्ड छोट्या-छोट्या पासांनी जमवले, एडवर्ड्स-हिलेअरनं 136 यार्ड पळून काढले, आणि 23-20 नं सामना जिंकला. बरोनं मोठा पास मिळत नाही म्हणून जबरदस्ती केली नाही. मला त्या मोसमातला हा सामना 63-28 च्या ओक्लाहोमा सामन्यापेक्षा जास्त सांगणारा वाटतो, जिथे त्यानं पूर्वार्धात सात टचडाउन पास दिले होते. अंतिम सामन्यातही तेच: क्लेमसनविरुद्ध पहिले तीन ड्राइव्ह (बॉल हाती आल्यापासून जाईपर्यंतचे खेळ) पंटमध्ये गेले, दुसऱ्या क्वार्टरमध्ये टीम 17-7 नं मागे होती. त्यानंतर डिफेन्सची मांडणी ओळखून त्यांनी सलग 21 गुण घेतले आणि 42-25 नं जिंकले. 463 यार्ड, पाच टचडाउन पास.

आता तुमच्या 40 गुणांच्या सरासरीकडे. सामन्यामागचे गुण मोजणं सोडा, ड्राइव्हमागचे मोजा. 2023 पासून कॉलेजमध्ये फर्स्ट डाउन झाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. त्यामुळे खेळ कमी होतात, आणि जुन्या मोसमांशी सामन्यामागची तुलना लंगडी पडते. सामन्यात साधारण 11 ते 13 ड्राइव्ह मिळतात. डिफेन्सनं किंवा किक परतवून केलेले टचडाउन आधी वजा करा. समजा 42 गुण झाले, त्यातले 14 डिफेन्सचे, आणि ड्राइव्ह 14. ऑफेन्सचे ड्राइव्हमागे 2 गुण झाले, म्हणजे जेमतेम. 3 च्या आसपास गेलात तर ऑफेन्स खरंच चांगला आहे. जादा डावातले गुणही काढा, कारण तिथे ड्राइव्ह 25 यार्ड रेषेवरून सुरू होतो. एलएसयूची 2018 ची सरासरी 32.4 दिसते, पण त्यात टेक्सास ए अँड एमविरुद्धचा 74-72 चा सात जादा डावांचा सामना आहे. मूळ वेळेत तो 31-31 होता. एलएसयूचे 41 गुण जादा डावांत आले. ते काढले की सरासरी 29 वर येते. तसंच चौथ्या क्वार्टरमध्ये आघाडी तीन टचडाउनांपेक्षा जास्त असताना झालेलं काहीही धरू नका. समोर दुसऱ्या फळीची पोरं असतात.

दुसरा उपयोगी आकडा यशस्वी खेळांचा. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर तो खेळ यशस्वी. वहीत टिकमार्क करत गेलात तरी चालतं. 45 टक्क्यांच्या वर असेल तर ऑफेन्सचं बूड पक्कं आहे. हा आकडा 38-39 वर असून गुण मात्र 40 असतील, तर गुण चार-पाच लांबलचक खेळांतून आलेत, आणि असे खेळ चांगल्या सेफ्टींविरुद्ध आटतात. नव्या क्वार्टरबॅकबद्दलची सर्वांत जास्त निराशा याच कारणानं होते.

तिसऱ्या डाउनला 7 किंवा जास्त यार्ड हवे असतानाचे सगळे पास वेगळे लिहून ठेवा. इथे डिफेन्सला पास येणार हे माहीत असतं, आरपीओची फसवणूक चालत नाही. चारांतून एकदा जमलं तर साधारण, तीनांतून एकदा जमलं तर चांगलं. न जमलेल्यांतही फरक करा. हव्या असलेल्या यार्डांच्या अलीकडे, पाच यार्डांवर बॉल देऊन मोकळा होणारा क्वार्टरबॅक टक्केवारी राखतो आणि पंट करवतो. इंटरसेप्शनची संख्याही फसवी आहे: डिफेंडरच्या हातांत पडून सुटलेले पास मोजा. तीन सामन्यांत इंटरसेप्शन एक आणि असे सुटलेले पास पाच असतील, तर ऑक्टोबरात हिशेब चुकता होणार.

बाहेरच्या मैदानावरचा पहिला मोठा सामना होईपर्यंत अंतिम मत राखून ठेवा. 2024 पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण स्नॅपच्या घड्याळावर 15 सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे लाखभर लोकांच्या गोंगाटात मांडणी ओळखणं, ब्लॉकिंग बदलणं आणि हाताच्या किंवा पायाच्या खुणेवर स्नॅप घेणं हे क्वार्टरबॅक आणि सेंटर या दोघांचं काम. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधी हालचाल) आणि डिले ऑफ गेमचे (वेळेत स्नॅप न घेण्याचे) दंड किती झाले ते मोजा. पूर्वार्धात दोन-तीन आणि उत्तरार्धात शून्य असतील तर पोरगं शिकतंय. उत्तरार्धात वाढले तर टीम गोंधळली आहे, आणि तो गोंधळ बहुधा आठवडाभराच्या तयारीतला असतो, एकट्या क्वार्टरबॅकचा नसतो.

पहिली हार झाली की बॅकअपला खेळवा अशी ओरड तुमच्याकडेही होईल. तेव्हा हार कशी झाली ते बघा. लाइन कोसळून झाली असेल तर बॅकअपही त्याच लाइनमागे उभा राहणार. मागे आठ माणसं ठेवून कोंडलं असेल, तर पुढचे दोन सामने त्याला द्या, कारण आता प्रत्येक विरोधी कोच तीच फिल्म पाहून तीच मांडणी आणणार, आणि तुमच्या कोऑर्डिनेटरनं रन आणि छोटे पास वाढवले का, क्वार्टरबॅकनं ते धीरानं घेतले का, हे तिथेच दिसेल. दुसऱ्या सामन्यातही तो त्याच दोन माणसांच्या मधल्या फटीत बॉल घालू पाहत असेल, तर बदलाची मागणी रास्त आहे.

तुमच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे दोन अनुभवी सेफ्टी आहेत का ते आत्ताच बघून ठेवा. असतील, तर त्या सामन्यातल्या पहिल्या पंधरा खेळांना महत्त्व देऊ नका, ते बहुतेक कोच आधीच लिहून आणतात. सोळाव्या खेळापासून वही उघडा.